खोकल्यातून पित्त पडतं तेव्हा : श्वासनलिका-पित्तनलिका फिस्टुला आणि त्याचं ऑपरेशन, पायरीपायरीने

हिरवट-पिवळा बेडका पडला की छातीत इन्फेक्शन झालं असं आपण धरून चालतो, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण हाच बेडका पातळ, फेसाळ आणि तोंड वाकडं होईल इतका कडू असेल, आडवं झालं की ढास वाढत असेल, आणि त्या माणसाच्या यकृताला पूर्वी काही झालेलं असेल (गळू, गाठ, ऑपरेशन, अपघात, कावीळ) तर पडतंय ते पित्त असू शकतं. यकृतातली पित्तनलिका आणि फुप्फुसातली श्वासनलिका यांच्यात नको तिथे जोड तयार झाली की असं होतं. डॉक्टर याला ब्राँकोबिलिअरी फिस्टुला म्हणतात. आजार दुर्मिळ आहे. 1850 साली पीकॉक या डॉक्टरांनी हायडॅटिड (फीतकृमीच्या अळीमुळे होणारी पाण्याची गाठ) झालेल्या रुग्णात त्याचं पहिलं वर्णन केलं, आणि आजही एखाद्या डॉक्टरच्या आयुष्यभराच्या प्रॅक्टिसमध्ये असा रुग्ण एखाद-दुसराच येतो. म्हणूनच निदानाला महिने लागतात, आणि तेवढ्यात फुप्फुसाचा एक भाग कायमचा खराब होऊन बसतो.

हा लेख रुग्णाच्या घरच्यांसाठी आहे, आणि तालुक्याच्या गावी असा रुग्ण पहिल्यांदा तपासणाऱ्या डॉक्टरांनाही तो उपयोगी पडावा. सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. छातीतलं भोक बंद करणं हे या उपचारातलं दुसरं काम. पहिलं काम म्हणजे पित्ताला आतड्यात उतरायचा त्याचा नेहमीचा रस्ता मोकळा करून देणं. मोरी तुंबलेली असताना भिंतीतली ओल नुसतं प्लास्टर करून थांबत नाही, तसंच हे आहे. ऑपरेशन होऊनही फिस्टुला पुन्हा उघडला अशा रुग्णांत खालचा अडथळा तसाच राहिला होता का, हे सगळ्यात आधी पाहावं लागतं.

ही जोड होते कशी

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. ते पित्तनलिकांमधून खाली लहान आतड्यात जातं. यकृताच्या वर श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधला स्नायूंचा पडदा, आणि त्याच्यावर टेकलेला उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग. खाली पित्तनलिकेत खडा अडकला, नलिका आकसली किंवा गाठीने दाबली गेली की पित्त मागे तुंबतं. यकृताच्या माथ्याशी एखादं गळू किंवा फुटलेली गाठ असेल तर पित्त आणि पू तिथे साचतो. पित्त जहाल असतं. ते आणि इन्फेक्शन मिळून पडदा हळूहळू खातात. वरचं फुप्फुस तोवर सुजून पडद्याला चिकटलेलं असतं, त्यामुळे पित्त छातीच्या पोकळीत न पसरता थेट फुप्फुसात घुसतं आणि एखाद्या श्वासनलिकेत तोंड काढतं. त्यात श्वास घेताना छातीतला दाब उणा होतो, पोटातला वाढतो. म्हणजे प्रत्येक श्वासागणिक पित्त वर ओढलं जातं. एकदा ही वाट पडली की ती आपोआप बुजणं अवघड, कारण वाहतं पित्त तिला भरूनच येऊ देत नाही.

कारणं बरीच आहेत. यकृताच्या वरच्या भागातली हायडॅटिड गाठ, यकृताचं गळू, पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये नलिकेला झालेली इजा आणि नंतर तिथे आलेला आकस, चाकू-गोळी किंवा रस्त्यावरच्या अपघातात यकृत आणि पडदा दोन्ही फाटणं, यकृताचा तुकडा काढण्याचं ऑपरेशन, आणि अलीकडे यकृतातला कर्करोग सुईने जाळण्याचे किंवा रक्तवाहिनीतून औषध सोडण्याचे उपचार. काही बाळं अशी जोड घेऊनच जन्माला येतात. त्यांच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

इथे एक फरक नीट समजून घ्या. आपल्याकडे अमीबामुळे यकृतात गळू होणं नेहमीचं आहे. ते कधी कधी फुप्फुसात फुटतं आणि चॉकलेटी, तपकिरी रंगाचा पू खोकल्यातून पडतो. त्यात सहसा पित्त नसतं. मेट्रोनिडॅझोल, त्यानंतर आतड्यातला अमीबा मारणारं डायलोक्सॅनाइडसारखं औषध, आणि गरज असेल तर सोनोग्राफीखाली सुईने किंवा नळीने पू काढणं, एवढ्यावर असे बरेच रुग्ण ऑपरेशनशिवाय बरे होतात. तपकिरी आणि हिरवट-पिवळा या दोन रंगांमधला फरक डॉक्टरांना आवर्जून सांगा. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवलात तर आणखी बरं.

पहिली पायरी : ते पित्तच आहे याची खात्री

खोकला, ताप, घटलेलं वजन आणि एक्सरेत डाग दिसला की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा येतो. टीबीची तपासणी करावीच. पण तिचा रिपोर्ट निगेटिव्ह असेल आणि बेडका कडू असेल, तर केवळ संशयावर टीबीचा कोर्स सुरू करू नये. टीबीच्या काही औषधांचा यकृतावर ताण पडतो, आणि इथे यकृत आधीच अडचणीत असतं.

खात्रीची तपासणी साधी आहे. ताजा बेडका स्वच्छ डबीत घेऊन लॅबमध्ये त्यातलं बिलिरुबिन, म्हणजे पित्तातलं पिवळं द्रव्य, तपासायचं. लघवी तपासण्याच्या पट्टीवर बिलिरुबिनचा चौकोन असतो. गावात दुसरी सोय नसेल तर बेडक्यावर ती पट्टी लावून निदान अंदाज तरी येतो. मात्र रुग्णाला आधीच भरपूर कावीळ असेल तर साधा कफही पिवळा दिसू शकतो, आणि उलटीतलं पित्त श्वासनलिकेत गेलं तरी तसाच रंग येतो. त्यामुळे फक्त रंगावर जाऊ नका. प्रमाणही महत्त्वाचं आहे. दिवसभर पडणारा बेडका मापाच्या भांड्यात साठवून किती मिली भरतो ते वहीत लिहा. ही नोंद पुढे उपचार लागू पडतोय की नाही हे ठरवताना सोन्यासारखी कामी येते.

दुसरी पायरी : वाट कुठून कुठे जाते, आणि अडथळा कुठे आहे

छाती आणि पोट दोन्हींचा सीटी स्कॅन एकाच वेळी करून घ्या. आधी छातीचा, आठवड्याने पोटाचा असं तुकड्यांनी केलं तर मधला पडदा नेमका दोन्हींच्या कडेला राहतो, आणि आजार तर तिथेच असतो. सीटीत यकृतावरची पोकळी, पडद्यातली फट, फुप्फुसाचा घट्ट झालेला भाग आणि कधी कधी पित्तनलिकांमध्ये हवा दिसते.

एमआरसीपी म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय. यात सुई-नळी काही घालावी लागत नाही. खडा कुठे, आकस कुठे, नलिका तुटली आहे का, हे यातून कळतं. पित्तात उतरणारं खास काँट्रास्ट औषध वापरलं तर गळतीची जागाही दिसू शकते. हायडा स्कॅनमध्ये शिरेतून किरणोत्सारी औषध देतात, यकृत ते उचलून पित्तात सोडतं, आणि ते औषध छातीत उमटलं की शंकेला जागा राहत नाही. श्वासनलिकेत दुर्बीण घालून कोणत्या फाट्यातून पित्त येतंय ते सर्जनला पाहता येतं. त्याच वेळी साचलेलं पित्त शोषूनही घेता येतं, आणि कल्चरला, म्हणजे कोणते जंतू आहेत ते वाढवून पाहायला, नमुनाही मिळतो.

या सगळ्या तपासण्या प्रत्येकाच्या करायलाच हव्यात असं नाही. सीटी आणि एमआरसीपी यांवर बहुतेक चित्र स्पष्ट होतं. पण ‘अडथळा कुठे आहे’ याचं उत्तर हातात आल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका. सर्जनला थेट विचारा : पित्त आतड्यात उतरतंय का? नसेल तर कशामुळे?

तिसरी पायरी : रुग्णाला सावरणं

फुप्फुसात पित्त जाणं म्हणजे फुप्फुस आतून भाजणं. म्हणून निदान झाल्या क्षणापासून झोपण्याची पद्धत बदला. पाठीला उशा लावून 30 ते 45 अंश उठवून ठेवा, रात्रीसुद्धा. कुशीवर व्हायचं झालं तर आजारी बाजू खाली, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत उजवी कूस, म्हणजे पित्त चांगल्या फुप्फुसात ओघळणार नाही. छातीत साचलेला कफ काढायला डोकं खाली करून झोपवण्याची एक पद्धत फिजिओथेरपीत आहे. इथे ती नको. फिजिओथेरपिस्टला आजाराचं नाव सांगा.

पित्त बाहेर पडत राहिलं की शरीरातलं पाणी, सोडियम आणि बायकार्बोनेट कमी होतं. पित्त आतड्यात पोचत नाही म्हणून तेल-तूप पचत नाही आणि ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत. व्हिटॅमिन के कमी पडलं की रक्त गोठत नाही, म्हणून ऑपरेशन किंवा ईआरसीपीच्या (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेवर केलेल्या उपचाराच्या) आधी रक्त गोठण्याची तपासणी करून गरजेप्रमाणे के-ची इंजेक्शनं देतात. हे रुग्ण बहुधा खूप खंगलेले असतात. अंडी, डाळी, पनीर, मासे, जे चालत असेल त्यातून प्रथिनं वाढवा. तोंडाने पुरेसं जात नसेल तर नाकातल्या नळीने खाणं द्यायला घाबरू नका. दोन-तीन आठवडे नीट खाऊन ऑपरेशनला गेलेला रुग्ण आणि खंगलेल्या अवस्थेतच गेलेला रुग्ण यांच्या जखमा भरण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

अँटिबायोटिक कल्चरच्या रिपोर्टनुसार द्यायचं. यकृताभोवती पू किंवा पित्त साचलं असेल तर सोनोग्राफी वा सीटी पाहत बाहेरून पिगटेल (टोकाशी वळलेली बारीक) नळी टाकून ते काढून टाकतात. ही एवढीशी नळी अनेकदा ताप उतरवते आणि वर चढणारं पित्तही कमी करते.

चौथी पायरी : खालचा रस्ता मोकळा करणं

हे काम आज बहुतेक वेळा ईआरसीपीने होतं. तोंडातून दुर्बीण लहान आतड्यापर्यंत नेऊन पित्तनलिकेचं तोंड थोडं कापून रुंद करतात, खडा असला तर काढतात, आकसलेल्या जागी स्टेंट, म्हणजे नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी, ठेवतात. पित्ताला खाली उतरायला सोपी वाट मिळाली की ते वर जायचं थांबतं, आणि काही रुग्णांचा फिस्टुला तेवढ्यानेच काही आठवड्यांत बुजतो. ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका शंभरात साधारण तीन ते दहा जणांना असतो. त्यानंतर पोटात जोराची कळ आली तर अंगावर काढू नका.

पोट किंवा आतड्याचं आधी ऑपरेशन झाल्यामुळे दुर्बीण तिथवर पोचत नसेल, तर त्वचेतून यकृतात सुई घालून पित्तनलिकेत नळी बसवतात. त्याला पीटीबीडी म्हणतात. काही ठिकाणी दुर्बिणीतून श्वासनलिकेच्या बाजूने ग्लू (चिकटद्रव्य) किंवा कॉइल (तारेचं बारीक वेटोळं) घालून वाट बंद केल्याचीही उदाहरणं आहेत. ऑपरेशन झेपणार नाही अशा कर्करोगाच्या रुग्णासाठी तो चांगला पर्याय ठरू शकतो. पण त्यातही खालचा निचरा चालू असायलाच हवा.

ईआरसीपीला नेताना भूलतज्ज्ञाला ‘याच्या खोकल्यातून पित्त येतं’ हे न चुकता सांगा. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. ईआरसीपी अनेकदा नुसती गुंगी देऊन, रुग्णाला पालथं किंवा कुशीवर झोपवून करतात. या रुग्णात अशा वेळी दुसरं फुप्फुस पित्ताने भरू शकतं. त्यांच्यासाठी श्वासनळी घालून पूर्ण भूल द्यायची की नाही, हा निर्णय आधी झालेला हवा, टेबलावर नव्हे.

ऑपरेशन कधी लागतं

स्टेंट आणि नळ्या ठेवूनही बेडक्यातलं पित्त कमी होत नसेल. पित्तनलिका तुटलेली असेल किंवा आकस दुर्बिणीने सुटणारा नसेल. फुप्फुसाचा खालचा भाग सडून निकामी झाला असेल. छातीत जाड पू साचून फुप्फुस आवळलं गेलं असेल. हायडॅटिडची मोठी गाठ आत तशीच असेल. किंवा जोड जन्मजात असेल, तर ऑपरेशनला पर्याय राहत नाही. किती दिवस वाट पाहायची याचा ठरलेला आकडा नाही. बेडक्याच्या प्रमाणाची ती वही इथे काढा. आकडा आठवड्यागणिक उतरत असेल तर थांबण्यात अर्थ आहे. तो जागेवरच असेल, ताप येत असेल, ऑक्सिजन घटत असेल, तर थांबणं म्हणजे फुप्फुस गमावणं.

हे ऑपरेशन कुठे करायचं? जिथे छातीचे सर्जन, यकृत-पित्ताचे सर्जन, ईआरसीपी करणारे गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्ट, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आणि चांगला आयसीयू एकाच छताखाली आहे, तिथे. मोठ्या शहरांतल्या मेडिकल कॉलेजांच्या हॉस्पिटलांत आणि मोठ्या ट्रस्टच्या हॉस्पिटलांत हे सहसा मिळतं. जवळचं, ओळखीचं, छोटं हॉस्पिटल या एका आजारासाठी टाळा, असं माझं स्पष्ट मत आहे. खर्च बराच होतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत यातलं काय बसतं ते भरती होण्यापूर्वीच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. सीटी-एमआरआयच्या सीडी, जुनी डिस्चार्ज कार्डं आणि आधीच्या ऑपरेशनच्या नोंदी तर हव्यातच. सर्जनला नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही, त्याला फोटो स्वतः पाहायचे असतात.

पाचवी पायरी : ऑपरेशनच्या दिवशी आत काय होतं

सगळ्यात नाजूक क्षण भूल देण्याचा. रुग्ण आडवा झाला की पित्त वर येतं, आणि यंत्राने दाबून हवा दिली तर ती फिस्टुलातून खाली निसटते. म्हणून भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत रुग्णाला उठवून बसवलेलं ठेवतात, सक्शन हाताशी घेतात आणि दोन तोंडांची खास श्वासनळी घालतात. तिच्यामुळे दोन्ही फुप्फुसं एकमेकांपासून वेगळी होतात : आजारी फुप्फुसाला विश्रांती आणि चांगल्याला पित्तापासून संरक्षण. मग दुर्बिणीने आतलं पित्त शोषून घेतात. पाठीत किंवा बरगड्यांजवळ बारीक नळी ठेवून वेदना कमी करण्याची सोय केली तर ऑपरेशननंतर रुग्ण खोकू शकतो, आणि या ऑपरेशननंतर खोकणं ही चैन नाही, गरज आहे.

चिरा कुठे द्यायचा हे आजार कुठे जास्त आहे त्यावर ठरतं. ईआरसीपीने खालचा रस्ता आधीच मोकळा झालेला असेल आणि बिघाड मुख्यतः छातीत असेल, तर उजव्या बाजूने बरगड्यांमधून छाती उघडतात. पित्तनलिकेचं काम बाकी असेल तर पोटातून. दोन्हीकडे बरंच काम असेल तर छाती आणि पोट मिळून एकच लांब चिरा. निवडक रुग्णांत दुर्बिणीनेही हे करता येतं, पण चिकटलेलं फुप्फुस असेल तर सर्जन चिरा घेऊनच करायचं म्हणतील, आणि त्याबद्दल वाद घालू नये.

छाती उघडल्यावर पहिलं काम चिकटे सोडवण्याचं. फुप्फुस, पडदा आणि यकृत एकमेकांत मिसळून गेलेले असतात. हे काम तासन्‌तास चालू शकतं, आणि बाहेर बसलेल्या नातेवाइकांना वाटतं तो उशीर बहुतेक वेळा इथेच झालेला असतो. जाड झालेलं आवरण सोलून काढून फुप्फुस फुगेल असं मोकळं करतात. मग पडद्यातली वाट शोधून तिच्या दोन्ही बाजूंचा खराब भाग कापून काढतात. फुप्फुस थोडंच बिघडलेलं असेल तर श्वासनलिकेचं तोंड शिवून किंवा लहानशी फाक काढून भागतं. खालचा पूर्ण खंड सडलेला असेल तर तो काढावा लागतो. हा निर्णय कधी कधी आत पाहूनच होतो, त्यामुळे संमतीपत्रावर दोन्ही शक्यता लिहिलेल्या असतात. सही करताना ते वाचा आणि विचारा.

खाली यकृतावरची पोकळी साफ करून, पित्त झिरपणारी तोंडं शिवून, तिथे नळी ठेवतात. पित्तनलिकेत खडे असतील तर नलिका उघडून काढतात आणि टी-आकाराची नळी ठेवतात. आकस दुरुस्त होण्यापलीकडचा असेल तर लहान आतड्याचा एक फाटा वर आणून थेट पित्तनलिकेला जोडतात.

शेवटी पडदा. खराब कडा कापून तो न विरघळणाऱ्या भक्कम टाक्यांनी शिवतात. पण फुप्फुस आणि यकृत पुन्हा समोरासमोर टेकले तर जुनी वाट पुन्हा पडायला वेळ लागत नाही. म्हणून दोघांच्या मध्ये रक्तपुरवठा शाबूत असलेला जिवंत मांसाचा थर घालतात : बरगड्यांमधल्या स्नायूची पट्टी, पाठीचा किंवा छातीच्या बाजूचा स्नायू, नाहीतर पोटातून वर आणलेली चरबीची झालर, म्हणजे ओमेंटम. सर्जनला ऑपरेशनपूर्वी विचारण्यासारखा हा एक फार चांगला प्रश्न आहे : मध्ये काय ठेवणार? छातीत एक किंवा दोन नळ्या ठेवून, फुप्फुस फुगवून पाहून, हवा गळत नाही याची खात्री करून छाती बंद करतात.

हायडॅटिड असेल तर

ही गाठ एका फीतकृमीच्या अळीमुळे होते. कृमी कुत्र्याच्या आतड्यात असतो, अंडी त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, मेंढ्या आणि माणसं ती पोटात घेतात. त्यामुळे मेंढपाळ कुटुंबांत आणि जिथे कत्तलीचे टाकाऊ अवयव कुत्र्यांना मिळतात तिथे हा आजार आढळतो. गाठीतलं पाणी सांडलं तर जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते आणि जागोजागी नव्या गाठी धरू शकतात. म्हणून ऑपरेशनमध्ये गाठीभोवती अळ्या मारणाऱ्या द्रावणात भिजवलेल्या पट्ट्या लावूनच ती उघडतात. पण गाठीची पित्तनलिकेशी जोड आहे हे माहीत असताना असं द्रावण गाठीच्या आत भरायचं नसतं, कारण ते पित्तनलिकांत उतरून त्या कायमच्या आकसवू शकतं. सुईने पाणी काढून औषध भरण्याची पद्धतही याच कारणाने इथे चालत नाही. अल्बेंडॅझोल ऑपरेशनच्या आधी सुरू करून नंतर काही महिने चालू ठेवतात. मोठ्या माणसांना सहसा 400 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पोटभर जेवणानंतर. गोळ्या चालू असताना यकृताच्या आणि रक्तपेशींच्या तपासण्या ठरल्या वेळी करा, आणि गरोदरपणाची शक्यता असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

बाळ असेल तर

जन्मजात प्रकाराची पहिली नोंद 1952 सालची, न्यूहाउझर आणि सहकाऱ्यांची. यात श्वासनलिका जिथे दोन भागांत फुटते त्याच्या आसपासून एक नळी निघते, पडदा ओलांडून बहुधा यकृताच्या डाव्या पित्तनलिकेला मिळते. बाळाला जन्मानंतर काही दिवसांतच धाप लागते, तोंडा-नाकातून पिवळा-हिरवा स्राव येतो, न्यूमोनिया बरा झाला की पुन्हा होतो. दूध छातीत जातं म्हणून असं होतंय असं समजून वेळ जाऊ शकतो. मुलाच्या श्वासनलिकेची दुर्बिणीने तपासणी केली की त्या नळीचं तोंड दिसतं.

उपचार ती नळी काढून टाकण्याचा, आणि तज्ज्ञ हातात निकाल चांगले असतात. मात्र काढण्यापूर्वी पित्तनलिकांचा रंग घालून फोटो घेणं अत्यंत जरुरीचं. काही बाळांत पित्ताची नेहमीची वाट तयारच झालेली नसते आणि यकृताचा तो भाग याच नळीतून निचरा करत असतो. ती नुसती बांधली तर पित्त कोंडून कावीळ होते. अशा वेळी नळीचं खालचं टोक आतड्याला जोडतात किंवा यकृताचा तो भाग काढतात. बाळासाठी पेडिॲट्रिक सर्जरीचा वेगळा विभाग असलेलं हॉस्पिटलच गाठा.

सहावी पायरी : ऑपरेशननंतरचे दिवस

छातीतली नळी पाण्याच्या बाटलीला जोडलेली असते. बाटली नेहमी छातीच्या पातळीखाली. चालताना हातात खाली धरायची, पलंगावर ठेवायची नाही, सोयीसाठी चिमटा लावायचा नाही. बाटलीत रोज दोन गोष्टी पाहा : बुडबुडे येतात का, आणि रंग कोणता. पहिल्या दिवसांत लालसर, मग फिकट पिवळसर पाणी येणं ठीक. हिरवा रंग दिसला तर लगेच नर्सला बोलवा. हवा गळायची थांबली, दिवसाचं पाणी कमी झालं आणि एक्सरेत फुप्फुस फुगलेलं दिसलं की नळी काढतात.

तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र जागेपणी दर तासाला दहा वेळा. छातीवर उशी घट्ट धरून खोका. दुखतं म्हणून रुग्ण खोकायचं टाळतो आणि मग न्यूमोनिया होतो, म्हणून वेदनेचं औषध वेळेवर मागून घ्या. दुसऱ्या दिवसापासून खुर्चीत बसणं, मग वॉर्डात फेऱ्या. सिगारेट-विडी बंद, घरातल्या इतरांचीही निदान रुग्णाजवळ बंद. यकृताला आराम मिळावा म्हणून दारूही पूर्ण बंद.

टी-नळी असेल तर दोन-तीन आठवड्यांनी तिच्यातून रंग घालून फोटो काढतात, आणि खाली सगळं मोकळं दिसलं तरच ती काढतात. घरी जाताना नळी असेल तर ती कपड्याला पिन लावून ओढली जाणार नाही अशी बांधा. चुकून निघाली तर पुन्हा आत ढकलू नका. स्वच्छ गॉज ठेवून थेट हॉस्पिटलला या.

स्टेंटची तारीख

प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो. बरं वाटायला लागलं की लोक तो विसरतात. मग तो आत तुंबतो, थंडी वाजून ताप येतो, कावीळ होते, आणि पित्त पुन्हा मागे दाबायला लागतं. म्हणजे जिथून आजार सुरू झाला नेमक्या त्याच जागी रुग्ण परत येतो. डिस्चार्ज घेताना तारीख कार्डावर लिहून घ्या, घरातल्या दोन माणसांच्या फोनमध्ये टाका. थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाचा रंग मातकट-पांढरा, धाप, रक्ताची थुंकी किंवा कडू बेडका पुन्हा दिसला, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलला जा.

पुढच्या तपासण्यांत एक्सरे, यकृताच्या रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी असते. कर्करोग होता त्यांचं वेळापत्रक त्या आजाराप्रमाणे ठरतं. हायडॅटिड होता त्यांची सोनोग्राफी काही वर्षं करत राहावी लागते, कारण गाठ उशिराही पुन्हा दिसू शकते. एकाच अंगणात, एकाच कुत्र्यासोबत राहणाऱ्या घरच्या सगळ्यांचीही पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्सरे एकदा करून घ्या. कुत्र्याला पशुवैद्यकाकडून प्राझिक्वाँटेलचा डोस नियमित द्या, मेंढी कापल्यावर तिचं काळीज-फुप्फुस त्याच्यापुढे टाकू नका, पुरून टाका, आणि शेतातून आलेला भाजीपाला भरपूर पाण्याने धुऊनच खा.